तळावरचे वायफाय आणि तपासणीचे यंत्र : फोन जोडले का गेले नाहीत?



ऊसगाड्यांच्या तळावर मोफत वायफाय सुरू करून आपल्याला तीन हंगाम झाले. गाडी नंबरला लावून ट्रॅक्टरवाला असो की बैलगाडीवाला, तासन् तास बसून असतो. त्याला घरी फोटो पाठवता यावा, मुकादमाशी बोलता यावे, सभासदाला आपल्या उसाचे वजन तिथल्या तिथे फोनवर पाहता यावे, या हेतूने संचालक मंडळाने ही सोय केली. पासवर्ड मुद्दामच ठेवला नव्हता. कुणाला विचारायला नको, कुणाची अडवणूक नको, असा त्यामागचा साधा विचार होता.

येत्या हंगामापासून मात्र या वायफायला पासवर्ड लागणार आहे आणि त्याचे नावही बदलले आहे. ही सूचना गट कार्यालयांच्या फलकावर लागल्यापासून बरीच कुरबूर आमच्या कानावर येते. एका ज्येष्ठ सभासदांनी तर संगणक विभागात येऊन तोंडावरच विचारले, "काय हो, दिलेलं काढून का घेताय? आमच्या फोनात चोरण्यासारखं आहे तरी काय?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर दोन ओळींत देता येत नाही, म्हणून बॉयलर अग्निप्रदीपनाच्या आधी कारखान्यात जी बिनतारी जाळ्याची तपासणी झाली तिची हकिगत आम्ही येथे सविस्तर देत आहोत. या तपासणीत पहिल्या दिवशी सगळेच फसले आणि त्या फसण्यातूनच आम्हांस खरे काय ते कळले.

तपासणीसाठी बाहेरून एक तपासनीस बोलावले होते. त्यांनी बॅगेतून तळहाताएवढी काळी डबी काढली, वर तीन अँटेना. या यंत्राचे नाव वायफाय पाइनॅपल, म्हणजे अननस. अमेरिकेतील हॅक५ या कंपनीने ते प्रथम २००८ साली काढले. (साहेबांनी अननस आणला आहे असे कळल्यावर आमच्या शिपायाने ताट आणि सुरी आणून ठेवली होती, हेही सांगून टाकतो.) दिसायला ते घरच्या वायफायच्या डबीसारखेच, आणि कामही वरवर तेच, नावाचा फलक लावायचा आणि येणाऱ्या फोनला आत घ्यायचे. फरक हेतूत आहे. ओळखीच्या नावाचा फलक दुसऱ्याच कुणी लावला तर आपले फोन फसून तिकडे जातात की नाही, हे या यंत्राने पाहता येते.

असले यंत्र कुणीही, कुठेही लावून चालत नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० याच्या कलम ४३ व ६६ प्रमाणे मालकाच्या परवानगीवाचून दुसऱ्याच्या संगणकात वा जाळ्यात शिरणे हा गुन्हा असून त्यास तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. सबब कार्यकारी संचालकांचे लेखी पत्र आधी घेतले. आणि तळावर ये-जा करणाऱ्या शेकडो लोकांचे फोन चुकूनही आत येऊ नयेत म्हणून यंत्रात एक यादी केली. यादीतल्याच फोनांना प्रवेश, बाकी सर्वांना बंदी. यादीत नऊ फोन होते. सहा आमच्या कर्मचाऱ्यांचे, दोन ट्रॅक्टर ड्रायव्हरांचे आणि एक आमच्या ओळखीच्या एका सभासद आबांचा. आबा कांड्या मोजायला बसल्यासारखे उत्साहाने आले होते. सर्वांची संमती सहीनिशी घेतली.

तळावरच्या वायफायचे जे नाव, तेच नाव यंत्राला दिले. सकाळी दहा वाजता यंत्र सुरू केले. बारा वाजले, एकही फोन जोडला गेला नाही. दुपारी जेवणाच्या सुट्टीपर्यंत शून्य.

आम्ही मंडळी खूश. आमच्यापैकी एकाने तर अहवालाचा मसुदाही मनात केला, "तपासणी केली, काही दोष आढळला नाही." तपासनीस मात्र चहाचा कप तसाच ठेवून म्हणाले, "थांबा. फोन आले नाहीत हे खरं. पण का आले नाहीत, ते कुठं कळलंय?"

हे वाक्य नीट समजावे म्हणून थोडे विषयांतर करतो. ऊसगाडी फडातून निघते तेव्हापासूनचे टप्पे आठवा. आधी गाडीवान कारखान्याची कमान ओळखतो. मग गेटवर चिठ्ठी दाखवावी लागते. चिठ्ठी पटली की टोकन नंबर. मग काटा, आणि शेवटी गव्हाण. गाडी यांपैकी कुठेही अडेल. चिठ्ठीवर गट नंबर चुकला असेल, टोकन मिळाले नसेल, गव्हाणीतच बिघाड झाला असेल. घरी बसलेल्या मालकाला मात्र एवढेच कळते, की गाडी अजून खाली झाली नाही. फोनचेही तसेच. तो आधी नाव ओळखतो. मग ओळख पटवावी लागते. मग त्याला जाळ्यातला एक आकडी पत्ता मिळतो, तो म्हणजे टोकन. पुढे बाहेर जाण्याचा रस्ता मोकळा असावा लागतो, आणि नाव सांगितल्यावर ठिकाण शोधून देणारी नोंदवहीही हवी. यांतले काहीही अडले तरी फोनवर आपल्याला दिसते ते एकच, 'कनेक्ट होत नाही.'

तेव्हा तपासनीसांनी टप्प्याटप्प्याने माग काढायला सुरुवात केली. दुरुस्तीचा हा मार्ग आम्हांस फार आवडला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, परिणाम पाहायचा, कागदावर लिहायचे, मग पुढची.

पहिली तपासणी विजेची. यंत्राला ५ व्होल्टचा पुरवठा लागतो, आणि आम्ही तो एका जुन्या लॅपटॉपमधून दिला होता. जुन्या लॅपटॉपमधून पुरेसा करंट मिळाला नाही तर असे यंत्र वरून सुरू दिसते, पण मध्येच माना टाकते. चांगला चार्जर लावला. फरक पडला नाही, पण एक शंका मिटली.

दुसरी गोष्ट, नाव दिसते का? दिसत होते. फोनच्या यादीत तळाचे नाव एकदाच दिसले. एकच नाव दोन ठिकाणाहून आले तरी फोन ते एकाच ओळीत दाखवतो, हे तपासनीसांनी सांगितले तेव्हा आमच्यापैकी दोघांना ते नव्याने कळले. म्हणजे त्या ओळीमागे खरा खांब आहे की नकली डबी, हे डोळ्यांनी ओळखण्याची सोयच नाही. वाचकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

मग त्यांनी यंत्राची नोंद उघडली आणि तिथे मेख सापडली. फोन दारापर्यंत येत होते, पण यंत्रच त्यांना नाकारत होते. कारण, यादीतले आकडे आणि आलेल्या फोनांचे आकडे जुळत नव्हते.

प्रत्येक फोनच्या वायफायला कारखान्यातूनच एक ओळख-क्रमांक येतो, त्याला मॅक पत्ता म्हणतात. आम्ही फोनच्या माहितीपानावरून तो उतरवून यादीत घातला होता. आमची चूक इथेच झाली. आजकालचे फोन आपला खरा क्रमांक बाहेर सांगतच नाहीत. अँड्रॉइड १० (२०१९) आणि आयफोनचे आयओएस १४ (२०२०) यांच्यापासून फोन प्रत्येक जाळ्यासाठी वेगळाच एक बनावट क्रमांक तयार करून वापरतो. हेतू चांगला आहे. तुम्ही आज या दुकानात, उद्या त्या स्टँडवर गेलात, तर त्या क्रमांकावरून कुणी तुमचा माग काढू नये. पण आमच्या यादीची मात्र त्याने पंचाईत केली. चिठ्ठी एका नावाची आणि गाडीवान सांगतोय दुसरेच नाव, तर गेटवाला आत कसा सोडणार?

नऊपैकी सात फोन नवे होते, ते या कारणाने अडले. उरलेले दोन जुने. ते खरा क्रमांक सांगत होते, मग ते का अडले? एकाचा क्रमांक उतरवताना आमच्या कारकुनाने इंग्रजी 'बी' अक्षराच्या जागी आठाचा आकडा लिहिला होता. दुसरा तर दाराशी आलाच नव्हता. तो आधीपासून तळाच्या खऱ्या खांबाला चिकटून बसला होता, आणि आमची डबी ठेवली होती पत्र्याच्या शेडमागे, समोर ओल्या चाऱ्याचा ढीग. पत्रा लहरी परतवतो आणि पाणी त्या शोषून घेतो. जिथून जोरात ऐकू येते तिथून फोन सहसा हलत नाही.

सांगायचा मुद्दा हा, की सकाळचे ते शून्य आमच्या सुरक्षिततेमुळे नव्हते. ते आमच्याच यादीतल्या घोटाळ्यामुळे होते. त्यावर विसंबून अहवाल लिहिला असता, तर कागदावर सगळे आलबेल आणि प्रत्यक्षात दार सताड उघडे, अशी गत झाली असती.

दुसऱ्या दिवशी यादी सुधारली. फोनमध्ये तळाच्या वायफायचा तपशील उघडला की त्या जाळ्यापुरता क्रमांक दिसतो, तो घेतला. डबी शेडमधून काढून काट्याशेजारच्या केबिनच्या खिडकीत ठेवली. आणि तळाचा खरा खांब अर्धा तास बंद केला. खांब बंद करणे म्हणजे लबाडी नव्हे का, असे एका संचालकांनी विचारले. तपासनीसांचे उत्तर असे, की फसवणारा माणूस कारखान्याच्या तळावर कशाला येईल? तो तालुक्याच्या बाजारात, एसटी स्टँडवर, नाहीतर जत्रेत बसेल. तिथे तुमचा खांब नसतोच. हजारो सभासदांच्या फोनात मात्र ते नाव साठवलेले असते.

खांब बंद केल्यावर थोड्याच वेळात नऊपैकी सात फोन यंत्राला जोडले गेले. कुणी बटण दाबले नाही, कुणी काही विचारले नाही. आबा तर कँटीनच्या बाकावर भजी खात बसले होते, फोन बंडीच्या खिशात. तपासनीसांनी त्यांना बोलावून दाखवले. आबा म्हणाले, "अवो, मी तर हातबी लावला नाही!" बरोबर आहे. पासवर्ड नसलेले नाव फोनने एकदा लक्षात ठेवले, की पुढे तो फक्त नाव पाहतो. तेच नाव दिसले की आपण होऊन जातो.

जे दोन फोन आले नाहीत, त्यांच्याकडून आम्ही जास्त शिकलो. एक होता हिशेब विभागातील बाईंचा. त्यांनी तळाचे वायफाय आयुष्यात कधी वापरलेच नव्हते, तेव्हा फोनला ते नाव माहीतच नव्हते. दुसरा एका ड्रायव्हरदादांचा. त्यांचा मुलगा पुण्याला शिकतो, त्याने वडिलांच्या फोनात 'आपोआप जोडा' ही सोय बंद करून ठेवली होती. नाव ओळखीचे होते, पण मालकाने बोट लावल्यावाचून तो जाणार नव्हता. एवढ्याशा गोष्टीने तो वाचला.

आता आलेल्या सातांचे काय झाले, तेही ऐका. मिनिट-दोन मिनिटांत त्यातले बरेचसे परत निघून गेले! पुन्हा शोध सुरू. या वेळी फोनवर पाहिले तर पत्ता मिळाला होता, १७२.१६.४२ या आकड्यांनी सुरू होणारा. हे यंत्र याच आकड्यांचे पत्ते वाटते, म्हणजे टोकनपर्यंतचे काम नीट झाले होते. अडचण पुढच्या टप्प्यावर होती. यंत्राला स्वतःलाच बाहेर जायला इंटरनेट नव्हते. लॅपटॉपमधून वायर लावली होती, पण लॅपटॉपवर आपले इंटरनेट दुसऱ्याला देण्याची सोय चालू केलेली नव्हती. फोन जोडला गेला की तो आधी गुपचूप एक ठरावीक पान मागवून पाहतो. ते आले नाही की समजतो, इथे विहीर आहे पण पाणी नाही, आणि मोबाईलच्या डेटावर परत जातो. ती सोय सुरू करताच फोन यंत्राशी टिकून राहिले. आबांच्या फोनवर नातवाचा व्हिडिओही आला. त्यांना वाटावे, कारखान्याचेच वायफाय आहे. अडचण हीच, की त्यांना कधीच कळले नसते.

मग तपासनीसांनी एक वेगळा प्रयोग केला. कार्यालयातले जे पासवर्डवाले वायफाय आहे, त्याचे नाव यंत्राला दिले, पण पासवर्डाशिवाय. कर्मचाऱ्यांचे सहाही फोन ते नाव ओळखतात, तरी एकही आपोआप आला नाही. या वेळचे शून्य खरे होते, कारण यादी बरोबर होती, डबी खिडकीत होती, बाहेरचा रस्ता मोकळा होता. फोन नावाबरोबर कुलपाचा प्रकारही लक्षात ठेवतो. कुलूपवाले घर बिनकुलपाचे दिसले, तर ते आपले नव्हे असे तो धरतो. कालच्या आणि आजच्या शून्यात काय फरक आहे ते आम्हांस इथे समजले, आणि पासवर्ड का लावला या प्रश्नाचे उत्तरही मिळाले.

बैठकीत एका संचालकांनी सुचवले, की पासवर्डाऐवजी नावच लपवून ठेवू. तशी सोय असते, आणि ऐकायला बरीही वाटते. पण ती उलटी अंगावर येते. नाव लपवलेल्या जाळ्याला फोन शोधणार कसा? तो जाईल तिथे स्वतःच त्या नावाने हाका मारत सुटतो. जुने फोन तर साठवलेल्या सगळ्याच नावांनी अशा हाका मारत असत. २००४ साली दोघा संशोधकांनी 'कर्मा' नावाचे साधन करून दाखवले, त्यात फोन वा लॅपटॉप ज्या नावाने हाक मारील त्याला "हो, मीच तो" असे उत्तर दिले जाई. नव्या फोनांनी ही सवय सोडली आहे, पण लपवलेल्या नावापुरती ती त्यांना अजून ठेवावीच लागते. तेव्हा नाव लपवण्याची सूचना मागे घेण्यात आली.

आता वायफायवरून थेट काट्यावर येतो, कारण सभासदांच्या मनात खरी शंका तिथलीच आहे हे आम्हांस माहीत आहे. तपासणीची बातमी पसरल्यावर एका गावात म्हणे चर्चा झाली, की आता हवेतून काटा मारतात! काटा मारण्याचा संशय हा आपल्याकडे जुना आणि नाजूक विषय, त्यावर थट्टा नको. वस्तुस्थिती अशी. आपला वजनकाटा आणि त्याचा संगणक वायरने जोडलेला आहे, त्याला वायफाय नाही. तळाच्या वायफायवरून काट्याच्या संगणकापर्यंत पोहोचता येते का, हे तपासनीसांनी मुद्दाम करून पाहिले. पोहोचता आले नाही. मात्र शेतकी विभागातला एक प्रिंटर तळाच्या वायफायवरून दिसत होता. तो तसा दिसायला नको होता. वर्षापूर्वी तो बदलताना आमच्याच माणसाने त्याची जोडणी चुकीच्या बाजूला केली होती. ही चूक आमची, ती दुरुस्त केली आहे. तळाचे जाळे आणि कार्यालयाचे जाळे आता पूर्ण वेगळे आहेत.

"चोरण्यासारखं आहे तरी काय?" या प्रश्नाकडे वळतो. खोटी भीती घालण्याची आमची इच्छा नाही. नकली वायफायवर फोन गेला म्हणजे बँकेतले पैसे लगेच गेले, असे होत नाही. बँकेचे ॲप आणि चांगली संकेतस्थळे आपले बोलणे कुलूपबंद पेटीतून पाठवतात, मधल्याला पेटी दिसते, आतले पत्र दिसत नाही. धोका आहे तो मधल्याने उभ्या केलेल्या खोट्या पानाचा. वायफाय जोडताच एक पान उघडते, वर कारखान्याचे चिन्ह, खाली मजकूर, "ऊसबिल जमा होण्यासाठी खाते क्रमांक व आलेला ओटीपी भरा." बिल जमा होण्याच्या दिवसांत माणूस आतुर असतो, आणि चिन्ह ओळखीचे असते. असे पान आपला कारखाना कधीही दाखवणार नाही. ऊसबिलासाठी बँकेचा तपशील फक्त गट कार्यालयात कागदावर घेतला जातो, आणि ओटीपी तर कोणीच मागत नाही. तसे पान दिसले तर वायफाय बंद करा. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर फोन करा. तसेच ब्राउझरने "ही जोडणी सुरक्षित नाही" असा इशारा दिला तर पुढे जाऊ नका. हा इशारा फोनची तारीख चुकल्यानेही येतो, म्हणून आधी तारीख तपासा. तारीख बरोबर असून इशारा येत असेल, तर ते वायफाय सोडा.

पासवर्ड लावल्याने सगळे निभावले असेही नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. हजारो जणांना माहीत असलेला पासवर्ड गुप्त कसा राहणार? ज्याला तो माहीत आहे, तो त्याच नावाची आणि त्याच पासवर्डाची नकली डबी लावू शकतो. तपासनीसांचे मत होते, की प्रत्येक सभासदाला स्वतंत्र पासवर्ड द्यावा. खर्च आणि गेटवरची गर्दी पाहता मंडळाने ते या वर्षी मान्य केले नाही. मध्यम मार्ग म्हणून दर पंधरा दिवसांनी पासवर्ड बदलायचा आणि तो गेटवर मिळणाऱ्या टोकनाच्या मागे छापायचा असे ठरले. आम्हांस स्वतःला हा मार्ग थोडा गैरसोयीचा वाटतो, पण आधीपेक्षा नक्कीच बरा.

टोकनवरचा पासवर्ड घालूनही फोन जोडला गेला नाही, तर लगेच काट्यावरच्या पोराला धारेवर धरू नका. वर सांगितलेल्या टप्प्यांनीच पाहा. 'पासवर्ड चुकीचा' असे आले तर टोकन जुने तर नाही ना ते बघा, आणि इंग्रजी शून्य व 'ओ' यांत गल्लत होते तीही तपासा. पासवर्ड बदलल्यावर फोन जुनाच पासवर्ड पुन्हा पुन्हा पुढे करतो, तेव्हा ते नाव एकदा पुसून नव्याने घालावे लागते. 'पत्ता मिळत आहे' यावरच फोन अडकून बसला, तर दोष बहुधा आमच्याकडे. एका वेळी देता येतील तेवढे पत्ते संपले असतील, मग केबिनमध्ये येऊन सांगा. लॅपटॉपवर १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला तरी अर्थ तोच, की टोकन कुणी दिलेच नाही. 'जोडले, पण इंटरनेट नाही' असे आले तर तुमच्या फोनात काही बिघाड नाही, गेटपर्यंत सगळे ठीक आहे, अडले आहे ते गव्हाणीकडे. अशा वेळी फोन दहा वेळा बंद-चालू करून काही होत नाही. घरच्या वायफायलाही हाच क्रम लागू आहे. आमच्याकडे दुरुस्तीसाठी आलेले काही फोन तर असे होते, की बिघाड वायरवाल्याच्या लाईनमध्ये आणि नवा फोन घेण्याची तयारी घरात सुरू!

शेवटी एक काम सर्वांनी हंगामापूर्वी करायचे आहे. नवे नाव आले म्हणून जुने नाव फोनातून आपोआप जात नाही. ते तिथेच राहील आणि फोन त्याच्या मागे जायला तयार असेल, मग आमच्या सगळ्या खटाटोपाचा उपयोग काय? फोनच्या सेटिंगमध्ये वायफाय उघडा, साठवलेल्या जाळ्यांची यादी काढा, तळाचे जुने नाव दाबून धरा वा त्याचा तपशील उघडा आणि 'फर्गेट' म्हणजे 'विसरा' यावर बोट ठेवा. यासाठी तळावर यायची गरज नाही, बहुतेक फोनांत घरबसल्या होते. यादीत स्टँडची, हॉटेलची, लग्नाच्या हॉलची बिनपासवर्डाची नावे दिसली तर तीही त्याच वेळी काढून टाका. आणि ज्यांना जमेल त्यांनी नव्या नावापुढची 'आपोआप जोडा' ही सोय बंद ठेवा, त्या ड्रायव्हरदादांसारखी.

ज्यांना हे जमणार नाही त्यांनी संकोच करू नये. उसाची नोंद पडताळायला गट कार्यालयात येताना फोन बरोबर आणावा, चार्ज केलेला असावा. चिटबॉय मंडळींना हे काम शिकवले आहे, मिनिटभरात करून देतील. फोन मात्र तुमच्या डोळ्यांसमोरच हाताळला जाईल, आणि उघडण्याचा नंबर तुम्ही स्वतःच टाकायचा आहे, चिटबॉयला सांगायचा नाही. आबांच्या फोनातले जुने नाव आम्ही त्याच दिवशी पुसले. त्यांच्या यादीत आणखी अकरा नावे निघाली, त्यातली तीन कुठली आहेत हे त्यांना काही केल्या आठवेना.